कोड मीच लिहिला होता

स्वतःचा कोड ज्याला वाचता येत नाही, त्यालाच ट्रेस लागतो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ही सोय आयती आहे. डेटाबेसच्या कनेक्शनला आपलं एक कॉलबॅक फंक्शन जोडून द्यायचं. मग प्रत्येक क्वेरी सुरू होताना एसक्यूलाइट ते फंक्शन चालवतं आणि क्वेरीचा मजकूर त्याच्या हाती देतं. प्रोफाइलचा पर्याय लावला, तर क्वेरी संपल्यावर तिला लागलेला अंदाजे वेळही नॅनोसेकंदांत कळवतं. 2016 सालच्या 3.14 आवृत्तीपासून ही दोन्ही कामं एकाच फंक्शनकडून करून घेता येतात. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी वापरत नव्हतो, आणि त्यामागे नुसता तोरा नव्हता. मोजायला बसलो तर आपलंच काहीतरी उघडं पडेल, ही भीती होती.

एका लहान वाचनालयाला मी एसक्यूलाइटवर चालणारं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. वर्षअखेरीच्या पुस्तक-पडताळणीआधी सगळ्या पुस्तकांवर ‘तपासणी बाकी’ अशी खूण करणारं एक बटण त्यात होतं. ते दाबलं की संगणक अडकून बसायचा. मी कोड पाहिला. एकच अपडेट, एका ओळीचं. त्यात काही खोट दिसेना. वर्गणीवर चालणाऱ्या त्या वाचनालयाला मी बिनदिक्कत सांगितलं, संगणक जुना झालाय, नवा घ्या.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने, मला न दुखावता, एकदा ट्रेस लावून बघू या म्हटलं. लावला. पडद्यावर माझी अपडेटची ओळ आली. तिच्याखाली दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी एक ओळ आली: ट्रिगर, आणि पुढे त्याचं नाव. पुन्हा तीच. पुन्हा तीच. ओळी थांबेनात. ते नाव मीच दिलेलं होतं. पुस्तकाच्या नोंदीत काहीही बदललं की त्या विषयाची एकूण पुस्तकं नव्याने मोजणारा तो ट्रिगर मी पहिल्या महिन्यात लिहून विसरलो होतो. एसक्यूलाइटचा ट्रिगर टेबलातल्या बदललेल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळा चालतो. विषयाच्या रकान्यावर इंडेक्सही नव्हता. म्हणजे जितकी पुस्तकं, तितक्या वेळा अख्ख्या टेबलाची मोजणी.

मी कोड वाचला होता, पण मला जेवढा आठवत होता तेवढाच. एसक्यूलाइट मात्र खरोखर जे चाललं होतं तेच दाखवत होतं. आणि माझ्या विसरभोळेपणाची किंमत मी त्या वाचनालयाकडे मागितली होती, याची मला आजही लाज वाटते.

ट्रिगर काढला, मोजणी शेवटी एकदाच ठेवली. त्याच संध्याकाळी ग्रंथपाल बाईंना फोन करून दोष संगणकाचा नव्हता, माझा होता, असं सांगितलं. असाच सल्ला मी आणखी कुणाकुणाला देऊन आलोय, ते आता एकेका ठिकाणी ट्रेस लावून तपासतोय.