संशयाचा फायदा

'रेसिझम' या शब्दाला मराठीत एकच एक, सर्वमान्य असा प्रतिशब्द नाही. वर्तमानपत्रे कधी 'वंशवाद' लिहितात, कधी 'वंशद्वेष'. दक्षिण आफ्रिकेविषयी लिहायचे असले की 'वर्णद्वेष' किंवा 'वर्णभेद'. यातला 'वर्ण' मोठा फसवा शब्द आहे. कातडीचा रंग तो वर्ण आणि चातुर्वर्ण्यातलाही वर्णच. (अक्षरालाही वर्ण म्हणतात, पण ते आपल्या व्याकरणाच्या तासापुरते.) ही अडचण केवळ कोशकारांची आहे असे मला वाटत नाही. ज्या अनुभवाचे नाव ठरलेले नसते तो सांगणाऱ्याला आधी शब्द शोधावा लागतो, मग पुरावा. आणि तोवर ऐकणाऱ्याचा उत्साह ओसरलेला असतो.

हे सुचायला निमित्त झाल्या त्या आठ महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना. दोन्हींचा संबंध पुण्याशी. २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे, पुण्याचा अनुज बिडवे हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांबरोबर रस्त्याने चालला होता. समोरून आलेल्या तरुणाने वेळ विचारली आणि जवळून गोळी झाडली. लँकेस्टर विद्यापीठात शिकायला जाऊन त्याला काही महिनेच झाले होते. आईवडिलांना ही बातमी फेसबुकवरून समजली, हे वाचून त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला चहा गोड लागला नाही. हा वंशद्वेषच, याविषयी आमच्यापैकी एकालाही शंका नव्हती. कोणी पुरावा मागितला नाही. तेथील पोलिसांनीही प्रारंभी द्वेषमूलक गुन्ह्याची शक्यता धरूनच तपास केला. जुलै २०१२ मध्ये आरोपी खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि किमान तीस वर्षांच्या तुरुंगवासासह त्याला जन्मठेप झाली. त्याने हे का केले, हे कोडे मात्र खटला संपल्यावरही उरलेच.

त्या निकालानंतर महिनाही उलटला नसेल. आसामात कोक्राझारच्या परिसरात हिंसाचार उसळला होता आणि त्याचे पडसाद म्हणून ऑगस्ट २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले. आसामशी काडीचाही संबंध नसलेल्या मणिपुरी मुलांनीही मार खाल्ला. मग मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि बंगळुरूप्रमाणे पुणे स्थानकावरही पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना ट्रंका-पिशव्या घेतलेल्या मुलामुलींची गर्दी झाली. सरकारने पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा एसेमेस पाठवण्यावर बंदी घातली. या वेळी त्याच स्टाफरूममधली चर्चा अगदी निराळ्या वाटेने गेली. 'याला वंशवाद कसे म्हणता येईल? ते आसामातले भांडण आहे, त्याची ही प्रतिक्रिया.' 'अफवा आहेत हो सगळ्या, मुले उगीच घाबरली.' यातले एकही विधान सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु मारणाऱ्यांनी कोणाची ओळखपत्रे तपासली नव्हती, चेहरे पाहिले होते. एका पंचविशीतल्या मणिपुरी मुलाला आसामातल्या भांडणाचा हिशेब पुण्याच्या रस्त्यावर चुकवावा लागतो, तो केवळ डोळ्यांच्या ठेवणीमुळे. या निवडीला दुसरे कोणते नाव द्यायचे?

सॅलफर्डच्या बाबतीत आपल्याला संशय पुरेसा वाटला, पुण्याच्या बाबतीत पुरावाही अपुरा वाटला. हे ढोंग होते असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या दुःखात शिरणे सोपे असते, एवढेच त्यातून दिसते. पण सार्वजनिक चर्चा अशा सोयीवर चालू लागली की तिचे काय होते, हे मी त्या काळात जवळून पाहिले.

तेव्हा मी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहत होते. ईशान्येकडच्या पाचसहा मुली होत्या. दोघी गेल्या, बाकीच्या राहिल्या. राहिलेल्यांपैकी एक रोज संध्याकाळी माझ्याशी येऊन बोलत बसे. मारहाणीविषयी ती फारशी बोललीच नाही. तिची तक्रार, तक्रार तरी कशी म्हणावी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराविषयी होती. "मॅडम, तो माझ्याशी तुसडेपणाने बोलतो. पण सगळ्यांशीच तसा बोलतो का? मला खरेच कळत नाही." मला आधी हसू आले. पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाशी कसा बोलतो यावर अवघ्या महाराष्ट्राने विनोद केले आहेत. दुपारी एक ते चार तर तो कोणाचाच नसतो. मी तसे तिला सांगितलेही. ती म्हणाली, "हो, तुम्हाला ते ठाऊक आहे. मला प्रत्येक वेळी ठरवावे लागते."

'प्रत्येक वेळी ठरवावे लागते' हे तिचे वाक्य पुढे मला मानसशास्त्राच्या एका लेखात जणू पुन्हा भेटले. १९९१ मध्ये अमेरिकेत जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका गोऱ्या व्यक्तीकडून अभिप्राय मिळे. काहींना वाटे की ती व्यक्ती आपल्याला पाहू शकते, तर काहींना वाटे की मधला पडदा बंद असल्याने पाहू शकत नाही. आपण दिसतो आहोत हे माहीत असताना आलेला प्रतिकूल अभिप्राय फारसा बोचला नाही; तो पूर्वग्रहाच्या खाती टाकता आला. आश्चर्य पुढे आहे. आपण दिसत असताना आलेल्या स्तुतीने या विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास उलट खालावला. ही शाबासकी माझ्या गुणाची, की माझ्या रंगावरची दया? निंदेप्रमाणे कौतुकही संशयास्पद होऊन बसते. 'तुझे हिंदी किती छान आहे!' असे त्या मुलींना आपण किती मोकळेपणाने म्हणतो. बोलणाऱ्याला ते प्रेमच वाटते, आणि असतेही. ऐकणारीला मात्र त्याचा अर्थ लावत बसावे लागते.

म्हणून 'एवढे काय मनाला लावून घ्यायचे?' हा आपला ठेवणीतला सल्ला कुचकामी आहे. तिने प्रत्येक गोष्ट वंशवाद मानली तर शहर राहण्याजोगे उरत नाही, आणि एकही मानली नाही तर स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवावा लागतो. थकवा येतो तो या दोहोंच्या मधल्या जागेत.

ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनानंतर नेमलेल्या मॅकफर्सन समितीने १९९९ च्या अहवालात एक व्याख्या सुचवली. पीडिताला किंवा इतर कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, ती वंशद्वेषी घटना समजावी. व्यक्तीच्या 'वाटण्या'ला एवढे वजन कसे द्यायचे, अशी टीका झाली, अजूनही होते. टीकाकार बहुधा विसरतात की ही व्याख्या नोंद आणि तपास यांच्यासाठी आहे, शिक्षेसाठी नाही. 'वाटणे' दार उघडते. आत काय आहे ते पुराव्याने ठरते. सॅलफर्डच्या प्रकरणात हेच घडले. आपल्याकडे नेमका हा दुवा निखळलेला आहे. दिल्लीत निडो तानियाचा मृत्यू झाल्यावर २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमली गेली आणि तिने दंडसंहितेत खास कलमे घालण्याची शिफारस केली. पण गुन्ह्याआधीच्या त्या रोजच्या दुकानापर्यंत कोणतेही कलम कसे पोचावे?

दुसऱ्या बाजूलाही एक धोका आहे, तो नाकारू नये. शब्द सैल वापरला की त्याची धार जाते. २००१ च्या डर्बन परिषदेत 'जात म्हणजे वंश नव्हे' अशी भूमिका भारत सरकारने घेतली. शास्त्र म्हणून हे बाबासाहेबांनीही फार पूर्वी सांगितले होते. जातीची मुळे वंशात शोधणे त्यांना मान्य नव्हते. मात्र त्यांनी ते जातीची चिकित्सा अधिक नेमकी व्हावी म्हणून सांगितले, सरकारने चर्चा टाळण्यासाठी. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. वंश निराळा, पण अपमानाची जात एकच, हे त्यांना दिसत होते.

यंदा जोतीरावांची 'गुलामगिरी' शिकवत होते. १८७३ चे हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले आहे, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पुण्यातल्या माणसाला पुण्यातले दुःख सांगण्यासाठी अमेरिकेतली माणसे का लागली?" मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. तास संपेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो, आणि पुढचे पान त्या दिवशी उलटायचे राहूनच गेले.