नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागत नाही



शाळेतला संगणक मध्येच अडला आणि पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आली, की माझ्या वर्गातली मुलं ती ओळ वाचायच्या आधीच हात मागे घेतात. म्हणतात, "बाई, मी काही नाही केलं!" खरंच काही केलेलं नसतं. पण यंत्र काय बिघडलं ते सांगत नाही, मग समोर बसलेल्या लेकराला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. यंत्राचं हे बोलणं असं तुटक का असतं, याबद्दल मी बरंच वाचलं. त्यातून आपल्या वह्या तपासण्याबद्दलही काही सापडलं, म्हणून हा लेख.

आपण वापरतो ते प्रोग्रॅम सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात. त्यांच्या खाली कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम. त्यातच ड्रायव्हर असतात, डिस्क, प्रिंटर, नेटवर्क यांच्याशी थेट बोलणारे. बिघाड बहुतेक वेळा तळाशी होतो आणि नेमकं काय झालं हे तळालाच माहीत असतं. पण वर निरोप जातो तो फक्त एका आकड्याचा.

ही पद्धत युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणजे १९७० च्या आसपासची. २ म्हणजे ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. २२ म्हणजे ‘दिलेली माहिती अवैध’. २५ चा जुना अर्थ तर ‘हा टाइपरायटर नाही’ असा होता, कारण तेव्हा संगणकाशी बोलायला टाइपरायटरसारखं यंत्र जोडलेलं असायचं. पुढे ती यंत्रं गेली, पण हा संदेश कितीतरी वर्षं लोकांना दिसत राहिला.

आकडा वाईट असतो असं मुळीच नाही. त्या काळी मेमरी फार थोडी होती. शिवाय आकडा कुठल्याही प्रोग्रॅमला कळतो आणि त्याचा अर्थ हव्या त्या भाषेत, अगदी मराठीतही दाखवता येतो. अडचण एवढीच, की एकाच आकड्यात पन्नास कारणं कोंबली जातात. कर्नलमध्ये २२ हा आकडा कितीतरी ठिकाणांहून परत येतो. पाच गोष्टी पाठवल्या आणि त्यातली एक चुकली, तर कोणती चुकली ते २२ सांगत नाही.

लिनक्समधली दोन उदाहरणं बघा. एखादी फाइल डोळ्यांसमोर दिसत असते, ती चालवायला गेलं की उत्तर येतं, ‘अशी फाइल नाही’. फाइल असते हो! ती चालवायला लागणारी दुसरीच एक फाइल नसते. कर्नलला हे माहीत असतं, पण त्याच्याकडे सांगायला २ हा एकच आकडा. अलीकडे बॅश हा वरचा प्रोग्रॅम अशा वेळी ‘आवश्यक फाइल सापडली नाही’ असं सांगतो, म्हणजे निम्मं काम झालं.

दुसरं उदाहरण डिस्क जोडतानाचं. ती जोडली गेली नाही, तर जो संदेश यायचा त्याचा आशय असा: डिस्कच्या मांडणीचा प्रकार चुकला असेल, पर्याय चुकला असेल, डिस्कवरची मूळ नोंद खराब असेल, मदतीचा प्रोग्रॅम नसेल, किंवा आणखी काही असेल! खरं कारण बऱ्याचदा कर्नलच्या नोंदवहीत लिहिलेलं असायचं, पण ती वही उघडायची असते हे नवख्याला कोण सांगणार?

आता सुधारणा कशी झाली ते पाहू. २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीत नेटवर्कच्या बाजूला एक सोय आली. जुना आकडा तसाच ठेवला, कारण हजारो प्रोग्रॅम त्यावर अवलंबून आहेत. त्याच्या सोबत दोन गोष्टी जोडल्या: एक साधं वाक्य, आणि पाठवलेल्या माहितीत नेमका कुठला भाग खटकला त्याची खूण. २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत डिस्क जोडण्याची नवी पद्धत आली, तिच्यातही अडचणीचं कारण शब्दांत वाचून घेता येतं. ज्याला कारण माहीत आहे त्यानेच ते सांगावं, वरच्याने अंदाज करत बसू नये, हे या दोन्हींचं सार.

संगणक पूर्ण बंद पडतो तेव्हाचंही तसंच. २०१६ मध्ये विंडोजच्या निळ्या पडद्यावर क्यूआर कोड आला, पण तो स्कॅन केल्यावर सर्वांसाठीचं एकच मदत-पान उघडायचं. २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत आलेल्या क्यूआर कोडमध्ये बिघाडाआधीच्या नोंदीच भरता येतात. म्हणजे फोटो काढून जाणकाराला पाठवला, की त्याच्या हाती थेट पुरावा पडतो.

सगळंच सांगायचं असतं असंही नाही. लॉगिन करताना नाव चुकलं की पासवर्ड, हे मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर चोराचं काम सोपं होईल. सांगायचं ते दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचं.

आता आपल्याकडे वळू या. मुलाने ४३ − १८ = ३५ असं लिहिलं. आपण लाल फुली मारली, तर तो झाला २२ नंबर. मुलाला फक्त ‘चुकलं’ एवढंच कळतं. पण आपल्याला तर कारण दिसतंय: ३ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने उलटं, ८ मधून ३ वजा केले. मग एककाच्या घराला गोल करून शेजारी लिहावं, ‘इथे दशक सुटा कर.’ फुली राहू द्या, गुणही तेच राहू द्या. फक्त जागा आणि पुढची पायरी जोडा. चाळीस वह्यांत प्रत्येक चुकीला हे जमणार नाही, हे मलाही माहीत आहे. रोज प्रत्येक वहीत एका चुकीला जमलं तरी पुष्कळ.

पालकांनाही एक विनंती. प्रगतिपुस्तकात ‘क’ श्रेणी दिसली की तोही एक आकडाच समजा. मुलावर चिडण्याआधी शिक्षकांना विचारा, "नेमकं कुठे अडतंय?" ते सांगणं आमचं काम आहे.

कारण ज्या मुलाला आपण कुठे अडलो ते कळतं, ते पुन्हा प्रयत्न करतं. ज्याला नुसतं ‘चुकलं’ एवढंच ऐकू येतं, ते हळूहळू हात मागे घ्यायला शिकतं.