कोट रोज घालतो

मुलीने फोनवर सांगितले, "बाबा, सातांपैकी दोन रात्री फॉर्मल आहेत," तेव्हा मला वाटले, उरलेल्या पाच रात्री बनियनवर जेवायला गेले तरी चालत असावे.

मुलगी इंग्लंडात असते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून गेल्या जून महिन्यात तिने आम्हा उभयतांना सात रात्रींच्या जलप्रवासाची भेट दिली. साउदॅम्प्टनला बोटीवर चढायचे, नॉर्वेच्या फ्योर्डांतून हिंडायचे आणि पुन्हा साउदॅम्प्टनलाच उतरायचे. कुठे पोचायचे नाही, कुणाला भेटायचे नाही. बोटीने जाणे म्हणजे धक्क्यावरचे हार, डोळ्यांतले पाणी आणि वर्षानुवर्षांची ताटातूट, असे ऐकत मी वाढलो. निघालो तिथेच आणून सोडणारी बोट मला जरा चमत्कारिकच वाटली. पण मुलीने दिलेली भेट होती, आणि भेटीच्या तोंडात कोणी बोट घालून दात मोजत नाही.

बोटीचे नियम मुलीने वाचून दाखवले. त्या दोन रात्री संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट घालावे, गळ्याला काळा बो बांधावा. ते नसेल तर गडद सूट आणि टाय. स्त्रियांनी पायघोळ गाऊन घालावा. ज्याने त्याने आपल्या देशाचा पोशाख केला तरी उत्तम. आणि हा सगळाच खटाटोप नको असेल त्याने मुकाट्याने वरच्या मजल्यावर जाऊन बुफे जेवावे.

सौभाग्यवतींचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. "पैठणी आहे की!" एवढे म्हणून ती उठली आणि कुकर लावायला गेली. मला त्या क्षणी तिचा मनस्वी हेवा वाटला. लग्न असो, डोहाळजेवण असो, की उत्तर समुद्रातले कप्तानाचे जेवण असो, महाराष्ट्रातल्या बाईचे उत्तर ट्रंकेत घडी घालून तयार असते. पुरुषाचे काय? कारकुनीत माझी छत्तीस वर्षे गेली ती बुशशर्टावर. लग्नातला सूट माझ्या अंगाशी केव्हाच फारकत घेऊन बसला होता.

"धोतर नेसा," स्वयंपाकघरातून सल्ला आला. "देशी पोशाख चालतो म्हणतात ना?"

"आणि डेकवर वारा सुटला म्हणजे?"

"मग उपरणे धरा."

धोतर, उपरणे आणि पगडी अशा थाटात मी गेलो असतो, तर कप्तानाला वाटले असते, भटजी लग्न लावायला आले आहेत.

आमच्या घराण्याची एक खोड आहे. एखादी गोष्ट जमत नसली की आम्ही तिचा इतिहास वाचतो. तसा मी त्या काळ्या कोटाचा इतिहास वाचला. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजांनी, म्हणजे पुढे जे सातवे एडवर्ड झाले त्यांनी, लंडनच्या हेन्री पूल यांच्या दुकानातून एक आखूड निळा रेशमी कोट शिवून घेतला. सँड्रिंगहॅमच्या वाड्यात घरच्या मंडळींत जेवताना लांब शेपटांच्या कोटाचा जाच नको, एवढाच हेतू. १८८६च्या सुमारास तसला कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कच्या धनिक मंडळींत दिसू लागला, म्हणून अमेरिकेत त्याचे नाव टक्सीडो. ज्या कोटात आज माणसे अवघडून बसतात, तो मुळात माणसाला मोकळे वाटावे म्हणून जन्मला, ही मोठी गंमतच म्हणायची.

दुसरी गंमत आपल्या घरची. या कोटाखाली वेस्टकोटाऐवजी पोटावर एक चुण्यांचा रेशमी पट्टा बांधतात. त्याला साहेब 'कमरबंड' म्हणतो. तो आपला कमरबंद! हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात वेस्टकोट सोसवेना, तेव्हा इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथल्या लोकांच्या कमरेचा पट्टा उचलला आणि विलायतेला नेला. म्हणजे माझ्या पोशाखाचा मधला भाग तरी देशी होता. वरच्या भागाचीच काय ती पंचाईत.

तेव्हा मला अण्णांच्या कोटाची आठवण झाली.

माझे वडील, अण्णा, १९५५ साली मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून बोटीने विलायतेला शिकायला गेले. जाण्यापूर्वी विलायतेहून परतलेल्या एका सद्गृहस्थांनी त्यांना बजावले, "डिनर जॅकेट घ्या. त्यावाचून बोटीवर जेवायला पंगतीत घेत नाहीत." हे गृहस्थ पहिल्या वर्गाने गेले होते. पहिल्या वर्गात रोज रात्री नटूनथटून जेवायला उतरण्याची रीत होती. फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्री माफी, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधलेल्या असत. अण्णांचे तिकीट होते टुरिस्ट वर्गाचे. तिथे साधा कोट आणि टाय पुष्कळ होता. पण हे अण्णांना कोण सांगणार? कोट शिवला गेला.

तिसऱ्या रात्री अण्णा तो कोट घालून ऐटीत जेवायला गेले. पाहतात तो तसला कोट दुसऱ्या कोणाच्याच अंगात नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका गोऱ्याने यांच्याकडे पाहिले, आपली बशी उचलून पुढे केली आणि आणखी बटाटे मागितले!

ही गोष्ट अण्णा दर दिवाळीत, फराळाच्या ताटावर, बटाट्यांच्या हावभावासकट सांगत, आणि आम्ही मुले चकल्या हातात धरून हसून हसून लोळत असू. फार वर्षांनी त्यांनी पुढचे एक वाक्य सांगितले. अण्णा बशी धरून तसेच उभे राहिले होते. तेवढ्यात एक गोव्याचा वाढपी लगबगीने आला, त्याने ती बशी त्यांच्या हातातून काढून घेतली, त्यांची खुर्ची मागे ओढली आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बसा साहेब." अण्णांनी कोट काढून घडी घातला तो पुन्हा अंगावर चढवला नाही. त्यांच्यामागून तो ट्रंकेसकट माझ्याकडे आला.

ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास माळाभर पसरला. काळे लोकरी कापड, रेशमी कॉलर. सत्तर वर्षांचा कोट, पण कालच शिंप्याने हातात ठेवावा तसा. पाटलोणीला मात्र कसर लागली होती. मी कोट अंगात घातला तर खांद्याला बसला, पोटाला बसेना.

अण्णांची वस्तू उसवायची म्हणजे आत्याला विचारायला हवे. आत्या अण्णांहून दहा वर्षांनी लहान. आज चौऱ्याऐंशीची आहे. तिने कोट मांडीवर घेतला, उलटा केला आणि पाठीची शिवण बोटांनी चाचपून पाहिली.

"उसव खुशाल. आत कापड आहे. आईने शिंप्यासमोर उभे राहून ठेवायला लावले होते. म्हणाली, पोरगा तिकडे अंगाने भरेल, दोन दोन बोटे दाबून ठेवा."

"आजी शिंप्याकडे गेली होती?"

"जाणारच. पैसे तिचे होते." आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "तिच्या पाटल्या गेल्या या कोटात. तुम्हाला दादाने कधी सांगितले नाही?"

नाही. बटाटे सांगितले, पाटल्या नाही.

"एडनहून त्याचे पत्र आले होते," आत्या सांगू लागली. "आईला वाचता येत नसे. मीच वाचून दाखवले. अजून पाठ आहे. 'कोट रोज घालतो. सगळे विचारतात, कोणी शिवला.' हे एक वाक्य आईने माझ्याकडून चार वेळा वाचून घेतले."

मी घरी आलो. इतकी वर्षे ज्या गोष्टीला आम्ही हसलो तिचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. केबिनमध्ये कोटाची घडी घालून परत येताना अण्णांना त्या गोऱ्याचा राग आला असेल, स्वतःची लाज वाटली असेल. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सारखे आले असतील ते आजीचे दोन मोकळे मनगट. मग त्यांनी बसून ते पत्र लिहिले. परत आल्यावर वर्षाच्या आत त्यांनी आजीला नव्या पाटल्या केल्या, हेही आत्यानेच सांगितले.

आमच्या पेठेतल्या शिंप्याने शिवण उसवली. दोन्ही बाजूंना दोन दोन बोटे कापड, वापरलेच नसल्यामुळे बाहेरच्या इतकेच काळेभोर. आजीने ते अण्णांच्या अंगासाठी ठेवले होते. मी तिच्या ठेवीवर माझे पोट बसवले. पाटलोण नवी घेतली. बो बांधायला सौभाग्यवती शिकली. दोन दिवस बोटीइतकी मोठी वाटलेली ती विद्या तिसऱ्या दिवशी हाती आली. बो म्हणजे अखेर सुरगाठच. परकराच्या नाडीला आणि साहेबाच्या गळ्याला गाठ एकच.

पहिली फॉर्मल रात्र नॉर्वेला जाताना, भर समुद्रात आली. रात्र म्हणायचे एवढेच. जून महिना, त्यात इतके उत्तरेला, साडेआठ वाजले तरी ऊन डेकवर लोळत पडलेले. जिन्यावर माणसांची रीघ लागली होती. दिवसभर अर्ध्या चड्डीत पाहिलेला एक लठ्ठ गृहस्थ काळ्या कोटात असा काही भारदस्त दिसत होता की मी त्याला चटकन ओळखलेच नाही. स्कॉटलंडचा एकजण चौकड्यांचा किल्ट नेसून आला होता. मला धोतराची उगाच खंत वाटली. काठी टेकत येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने गळ्यात मोत्यांची माळ घातली होती आणि तिचा म्हातारा ती माळ दर चार पावलांनी सारखी करीत होता. हिच्या जांभळ्या पैठणीकडे तर लोक वळूनवळून पाहत होते. एकीने पदरावरच्या मोराला बोट लावू का, असे विचारले. हिने पदर पसरून दाखवला. येवल्याच्या हातमागावर हा मोर कसा विणतात ते खुणांनी सांगितले. मला मात्र कोणी काही विचारले नाही. डिनर जॅकेटाचा गुणच तो, सगळे पुरुष सारखे.

आणि वाढपीही. आमच्या टेबलाशी जो तरुण उभा होता त्याचाही कोट काळाच होता. छातीवरच्या पट्टीवर त्याचे नाव आणि खाली 'इंडिया'. "काका, मी मडगावजवळचा," तो हळूच म्हणाला. "आमच्या घरात सगळे तारवटी. आजोबापण बोटीवरच होते." मी कोणत्या बोटीवर, कधी, असे काही विचारले नाही. गोव्यातून हजारो माणसे बोटींवर गेली आहेत. आपल्याला हवा तोच माणूस सापडायला जग काही नाटक नाही. त्याने माझी खुर्ची मागे ओढली. "बसा काका," म्हणाला. मला बसायला जरा वेळ लागला.

जेवताना मी त्याच्याकडे पाहत होतो. आम्हाला सातांतल्या दोन रात्री फॉर्मल. त्याला महिनोन्महिने रोजची रात्र फॉर्मल, आणि त्याला वरच्या मजल्यावर बुफेला जाण्याची मुभा नाही. त्या जिन्यावरचा सगळा थाट त्याच्यासारख्यांच्या जोरावर उभा असतो. कोणाच्या तरी इस्त्रीवर, कोणाच्या तरी जागरणावर, कोणाच्या तरी पाटल्यांवर. चांगला कपडा घालून पानावर बसायचे ते लोकांनी पाहावे म्हणून नसावे. आपल्यासाठी कोणीतरी खपले आहे, ते आपल्या ध्यानात आहे, एवढे सांगायला ते असावे. दिवाळीच्या पहाटे नवा सदरा घालून आपण आईला वाकून नमस्कार करतो तो तरी दुसरे काय सांगतो?

जेवण झाल्यावर फोटो निघाला. मी तो रात्रीच आत्याला मोबाइलवर पाठवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या : "कोट घातला. सगळे विचारतात, कोणी शिवला."

कोणीही विचारले नव्हते.

सकाळी आत्याचा फोन आला. आवाज दूरचा, पण हसू स्पष्ट.

"लबाडा, तूही तेच लिहिलेस होय?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होते?"

"आईला ठाऊक होते. दादा तीन वर्षांनी आला तेव्हा तिने ट्रंकेतून कोट काढला आणि कोपरे उजेडात धरून पाहिली. तुझे आजोबा जन्मभर काळा कोट घालून कचेरीत गेलेले. रोज घातलेल्या कोटाची कोपरे कशी चकाकतात ते तिला सांगायला नको. तिने कोट परत ठेवला. दादाला एक अक्षर बोलली नाही. मला मात्र म्हणाली..." इथे आत्या थांबली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आपल्या आईचा आवाज काढताना थोडा दम घ्यावा लागतो. "म्हणाली, 'खोटे लिहितो मेला. पण लिहितो किती गोड!'"

परतीच्या वाटेवरच्या दुसऱ्या फॉर्मल रात्रीही मी तोच कोट घातला. आता घरी लग्नकार्य निघाले की घालतो. कोपरे चकाकायला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण मी प्रयत्नात आहे.