गुडघ्यालगतचा चेंडू

बेसबॉलमधला कॅचर कसा आहे हे कमरेच्या उंचीला येणाऱ्या चेंडूवर कळत नाही. तो कोणीही धरतो. कसोटी लागते ती फलंदाजाच्या गुडघ्याशी येणाऱ्या चेंडूवर. १९९६ पासून स्ट्राइक झोनची, म्हणजे ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू पंच पिचरच्या बाजूने देतो त्याची, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा ही आहे. पिचर याच काठावर मारा करत राहतात, कारण तिथला चेंडू नीट उचलता येत नाही; बॅटला लागला तरी बहुधा जमिनीवरून लोळत जातो. पिचरची सगळ्यात चांगली करामत आणि पंचाच्या मनातली सगळ्यात मोठी शंका अशा एकाच जागी येऊन पडतात, आणि तिथे कॅचरचा मिट, म्हणजे जाड हातमोजा, असतो.

न्यू जर्सीत मी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कॅचिंग शिकवतो. माझं लहानपण मुंबईच्या मैदानांवर यष्टिरक्षण करण्यात गेलं. तिथला एक धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो: खाली बसून राहा, चेंडू उठेल तसा ऊठ, आधी नको. दुसरा धडा मात्र पार उलटा करावा लागतो. क्रिकेटमध्ये चेंडू हातात येताच आपण हात मागे नेतो, वेग जिरवतो. इथे खालच्या चेंडूबरोबर मिट खाली गेला की पंचाला दिसतो तो खाली जाणारा मिट, आणि पिचरने कमावलेला स्ट्राइक हातचा जातो.

चेंडूचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. पण ताशी ९० मैलांनी सुटला तर प्लेटपाशी पोचायला त्याला सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि येतो तोही वरून खाली उतरत. 'धरला की हात घट्ट रोखून ठेव,' असं पूर्वी शिकवत. मला ते अपुरं वाटतं. थांबलेल्या हाताला चेंडू खाली ढकलतोच. हात आधीपासून चेंडूच्या खाली हवा आणि गाठ पडताना वर येत असायला हवा. म्हणून पिचरने हात फिरवायला घेतला की मिट जमिनीला टेकवायचा, मनगट सैल सोडायचं आणि तिथून चेंडूकडे वर यायचं. वरून खाली झडप घालणारा हात नेहमी उशिरा पोचतो.

सरावाची सुरुवात मी मिटशिवाय करतो. मुलगा एक गुडघा टेकून बसतो, मी समोर तीन-चार पावलांवर बसून टेनिसचे चेंडू त्याच्या नडगीच्या उंचीला टाकतो. चेंडूला खडू फासलेला असतो. धरून झाल्यावर तळवा उघडून बघायचा: पांढरा ठिपका पहिल्या बोटाच्या मुळाशी उमटला तर ठीक, मनगटाजवळ उमटला तर हात उशिरा आला. तळवा आभाळाकडे करून चेंडू ओंजळीत घ्यायची खोड इथेच मोडावी लागते. अंगठा चेंडूच्या खाली, तळवा पिचरकडे, कोपर मोकळं. "काका, मिट घालू का आता?" असं मुलं दर दोन मिनिटांनी विचारतात. मी घालू देत नाही. मिटचं जाड चामडं चुका झाकतं, उघडा हात झाकत नाही.

मग वाळू भरलेले मऊ, जड चेंडू येतात. तेही जवळून आणि हळू, कारण या वयाच्या मनगटांना जपायला हवं. यंत्रावरचा सराव सगळ्यात शेवटी.

या कौशल्याची किंमत लोकांना उशिरा कळली. मैदानांवर कॅमेरे बसून प्रत्येक पिचची जागा नोंदली जाऊ लागली, आणि २०११ मध्ये विश्लेषक माइक फास्ट यांनी त्या नोंदींवरून दाखवलं की होसे मोलिनासारखा कॅचर नुसत्या झेलण्याने संघाच्या किती धावा वाचवतो. पाठोपाठ बसण्याची पद्धतही बदलली. कॅचर टोनी पेन्या १९८० च्या दशकात एक पाय लांब पसरून बसत, ते तेव्हा जगावेगळं वाटे. आज मेजर लीगमध्ये बहुतेक कॅचर एक गुडघा टेकतात, कारण त्यामुळे हात सहज चेंडूखाली जातो.

याला पंचाची फसवणूक म्हणणारे आहेत. घोट्याशी आलेला चेंडू ओढून गुडघ्यापर्यंत आणणं मलाही पसंत नाही, आणि मुलांना मी ते करू देत नाही. पण खरा स्ट्राइक खरा दिसावा एवढं तरी कॅचरने पिचरसाठी केलंच पाहिजे. २०२६ पासून मेजर लीगमध्ये पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, तेव्हा ही कला संपली असंही ऐकू येतं. आव्हानं मोजकी आहेत. बाकी निवाडा अजून माणसाच्याच डोळ्यांवर चालतो. आमच्या मैदानांवर तर दुसरं काही नाहीच.

जमिनीवर आपटणारा चेंडू मात्र झेलायचा नसतोच. तो छातीने अडवायचा, हनुवटी खाली घालून. झेलायचा की अडवायचा हे ठरवायला वेळ नसतो, म्हणून दोन्ही प्रकारचे चेंडू मी न सांगता मिसळून टाकतो. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना पिचरने खालचा कर्व्हबॉल टाकायला धजावं, तर मागे बसलेल्याचा भरवसा लागतो. सामना सहाव्या डावात पोचेपर्यंत मुलांच्या मांड्या भरून येतात आणि मिट जमिनीपर्यंत जायचा राहतो. त्यामुळे हा मिसळ सराव मी शेवटच्या पंधरा मिनिटांत घेतो, पळून झाल्यावर.