मेंडोसाचे पाट

मेंडोसा शहराशी माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या पाटात पाय घालून! अर्जेंटिनातल्या या प्रांतिक राजधानीत मी पोचलो तो एप्रिल महिना. तिकडे तेव्हा पानगळ. काश्मिरी चिनाराच्या कुळातल्या झाडांनी रस्त्यावर पिवळा मांडव घातला होता. मान वर करून चालत होतो, एवढ्यात उजवा पाय गुडघाभर गार पाण्यात गेला. दारापुढचा पाट फावड्याने साफ करणारे एक वृद्ध गृहस्थ धावत आले. हसले मात्र नाहीत. मला पायरीवर बसवून त्यांनी माझा बूट उन्हात ठेवला.

मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी झाडांची तारीफ केली. त्यांनी फावडे पाटाकडे वळवले. म्हणाले, "आधी हा, मग ती."

खरेच होते ते. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम 200 मिलिमीटर. ही सारी सावली माणसाने लावलेली आणि अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर पोसलेली. 1561 मध्ये स्पॅनिश लोक येथे आले, तेव्हा वार्पे लोकांचे पाट आधीच वाहत होते. पाटाला तिकडे 'असेकिया' म्हणतात. शब्द मूळचा अरबी, आपल्या गझलेतल्या 'साकी'च्याच धातूपासून झालेला. द्राक्षमद्यासाठी नावाजलेल्या गावात साकीचे हे नाते पाण्याशी जडावे, याची मला मोठी मौज वाटली.

20 मार्च 1861 च्या रात्री भूकंपाने जुने गाव पाडले. हजारो माणसे गेली. नवे गाव शेजारीच वसवले, ते धास्ती मनात ठेवूनच. रस्ते ऐसपैस, मध्ये एक विस्तीर्ण चौक आणि त्याच्या चार कोपऱ्यांच्या दिशांना आणखी चार. आपल्याकडे चौकात माणसे जमतात ती गप्पांना. येथे चौक राखले ते जीव घेऊन पळता यावे म्हणून. पाट मात्र नव्या गावातही रस्त्यारस्त्याने नेले.

प्रांतातले पाणी 1884 च्या कायद्याने जमिनीला बांधलेले आहे. जमीन सोडून ते एकटे विकता येत नाही. शेतीच्या पाटावरचा निरीक्षक शेतकरीच निवडतात. तरी बर्फच पडले नाही तर कायदा काय करणार? 2010 नंतर कितीतरी वर्षे डोंगरावर ते कमीच पडले. म्हातारबुवा त्या वर्षांबद्दल फारसे बोलले नाहीत. समोरच्या एका वाळक्या खोडाकडे मात्र त्यांनी दोनदा पाहिले.

बूट काही वाळेना. मग मी अनवाणीच उठलो आणि त्यांच्या हातातले फावडे घेतले. त्यांनी मला शेजारच्या घरापुढे नेले. घराला कुलूप होते. तिथली मंडळी ब्वेनोस आइरेसला गेलेली. पानांचा लगदा तिथेच तुंबला होता. दोघांनी मिळून तो ओढून काढला, तशी पाण्याची धार खळखळत पुढच्या झाडाकडे निघाली.

"अजून तीन घरे आहेत," म्हातारबुवा म्हणाले.