राग आवरायचा कोणी?

कांद्याचा भाव पडला की नांदगाव तालुक्यात घराघरांत भांडी आपटतात. बाजार समितीत गिळलेला राग संध्याकाळी बायकामुलांवर निघतो. आमच्या ख्रिस्ती घरांतही याहून वेगळं काही घडत नाही. गंमत अशी, की ‘देव मंदक्रोध आहे’ हा उपदेश सगळ्यांत मन लावून ऐकतात त्या मार खाणाऱ्या बायका.

पवित्र शास्त्र रागाला सरसकट पाप म्हणत नाही. स्तोत्रकर्ते देवाशीही कडाकडा भांडतात. येशू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकतो. पौल इफिसकरांना बजावतो, की राग रात्रीवर नेऊ नका.

योनाचं पुस्तक तर रागावरचा धडाच आहे. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांचा नाश टाळतो आणि संदेष्टा रुसून शहराबाहेर मांडव घालून बसतो. सावली देणारा वेल किडीने वाळल्यावर तो मरणच मागतो. देव त्याला शिक्षा करत नाही. हा राग रास्त आहे का, एवढं दोनदा विचारतो. एका वेलासाठी हळहळणाऱ्याला एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या शहराची कणव का येऊ नये, या प्रश्नावर पुस्तक संपतं. योनाचं उत्तर त्यात नाही.

निनवे बेचिराख करण्याची ताकद देवाकडे होती, म्हणून त्याच्या थांबण्याला मोल. येशूच्या, फळ न देणाऱ्या अंजिराच्या दृष्टांतातही तोडायचा अधिकार मालकाचा. माळी फक्त एका वर्षाची मुदत मागतो, खणून खत घालतो म्हणतो. तरी फळ आलं नाही तर झाड तोडायला त्याची ना नाही.

एकदा सभेनंतर एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “नवरा हात उगारतो. देवासारखं सहन करू का?” मी म्हणालो, “ताई, तो उपदेश तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.” अशा वेळी कुणीतरी क्रूसाचा दाखला देतंच. पण ख्रिस्ताने क्रूस स्वतःहून पत्करला. दुसऱ्याच्या गळ्यात तो कर्तव्य म्हणून बांधायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांचा शीघ्रकोप काही बाप्तिस्म्याने धुऊन निघाला नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी तो झाकला नाही की त्याचं भांडवल केलं नाही, हसत हसत सगळं जगाला सांगून टाकलं. त्यांच्या सोशिकतेचे गोडवे गाणारे आम्ही पाळक त्यांचं हे बोलणं सोयीने विसरतो.

घरात ज्याचा हात चालतो, त्याने थांबायला शिकावं. ज्याच्यावर हात उठतो, त्याने बोलावं. वेळ आली तर पोलिसांतही जावं. त्यामुळे देवाच्या सहनशीलतेला कसलाही बाध येत नाही.