आजोबांची धाव

आमचे आजोबा, आप्पा, गावचे लोहार. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. पण बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी ती आप्पांनीच, असे पंचक्रोशीत म्हणत.

धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहानच घडवतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती फुगते. मग सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना ती तुंबा, आरे, पाट सारे घट्ट आवळते. फार लहान झाली तर चाक मोडते, सैल राहिली तर वाटेत निसटते. हा अंदाज आप्पांच्या डोळ्यांत होता. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे मी शाळेच्या पुस्तकातून त्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हंजी पुस्तकालाबी ठावं हाय!”

पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. भाता थंडावला. आप्पांनी कुणाला बोल लावला नाही. मला कॉलेजात घालताना मात्र त्यांनी ऐरण विकली.

गेल्या वैशाखात आप्पा गेले. माझ्या शिक्षणाच्या चाकावर त्यांचीच धाव आहे. ती सैल होऊ द्यायची नाही, एवढेच माझ्या हाती आहे.